गुन्हेगार आधी, गुन्हा नंतर

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. कायदा सहसा कृत्याला शिक्षा सांगतो. चोरी केली तर अमुक वर्षं, दरोडा घातला तर तमुक. या कायद्याने कृत्याची अटच काढून टाकली. एखादी जमात अजामीनपात्र गुन्हे करण्याला सरावलेली आहे असं सरकारचं मत झालं, की तिचं नाव जाहीर करायचं. आणि एकदा नाव जाहीर झालं, की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काही केलेलं असो वा नसो, त्याची नोंदणी करता यायची. या अधिसूचनेच्या वैधतेबद्दल कुठल्याही न्यायालयाने प्रश्न विचारू नये, असं कलमही कायद्यात घातलेलं होतं. विधेयकामागचा तर्क साधा होता: इथे सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगा चोरच होणार.

मुंबई इलाख्यापर्यंत हा कायदा १९११ मध्ये पोचला आणि १९२४ मध्ये नव्या, एकत्रित स्वरूपात पक्का झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हे नाव त्या भागाला आजही चिकटून आहे. आत राहणाऱ्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची. बाहेर पडायचं तर पास घ्यायचा. कुठे जाणार, कधी परतणार, हे त्या पासावर लिहिलेलं असायचं. परगावी बहिणीकडे मयत झालं आणि तेराव्यापर्यंत थांबावं लागलं, तर पासाची मुदत टळायची आणि मुदत टळणं हा गुन्हा होता. सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून निराळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारने कायद्याने घेतला होता. सोलापूरच्या गिरण्यांना याच वसाहतीतून कामगार मिळत होते. नोकरी सोडून गावी निघून जाण्याची मुभा नसलेले कामगार.

यातल्या पासाच्या गुन्ह्याकडे जरा थांबून बघावं असं मला वाटतं. तो असा गुन्हा होता, की शेजारच्या पेठेतल्या वाण्याला, पाटलाला, मास्तराला तो करायचा म्हटलं तरी करता आला नसता. बहिणीच्या घरी चार दिवस जास्त राहणं त्यांच्यासाठी नातं निभावणं होतं. कैकाड्यासाठी, पारध्यासाठी, भामट्यासाठी तीच गोष्ट शिक्षापात्र होती. अशी शिक्षा झाली की पोलिसांच्या वहीत नोंद व्हायची, आणि जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा म्हणून पुढे तीच नोंद दाखवली जायची. गुन्हा आधी घडतो आणि गुन्हेगार नंतर सापडतो, हा आपला सगळ्यांचा रोजचा समज. इथे क्रम उलटा आहे. गुन्हेगार आधी ठरवला गेला, त्याचा गुन्हा मागाहून तयार झाला.

गुन्ह्याच्या समाजशास्त्राबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. गुन्हा का घडतो, याचं उत्तर पुस्तकात राहत नाही. गुन्हा रक्तात असतो असं मानणारा समाज कुंपण घालतो. गुन्हा परिस्थितीत असतो असं मानणारा समाज जमीन देतो, शाळा काढतो. आपण कोणता सिद्धान्त धरून चालतो, हे आपल्याला ठाऊक असो वा नसो, पण पोलीस ठाण्याची वही, जामिनाचा निर्णय आणि वर्तमानपत्रातली चौथ्या पानावरची बातमी त्या सिद्धान्तावरच चालते.

इटलीच्या चेझारे लोंब्रोसोने १८७६ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलं, की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि त्यांचा जबडा, कान, कवटी पाहून ती ओळखता येतात. आपल्याकडच्या कायद्याला कवटी मोजायची गरज पडली नाही, कारण जातीच्या उतरंडीने ते काम आधीच करून ठेवलं होतं. विसाव्या शतकातल्या समाजशास्त्राचा मोठा भाग या जन्मसिद्धान्ताला दिलेलं उत्तर आहे.

त्यातलं सर्वांत पटणारं उत्तर मला शिकागोचं वाटतं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी त्या शहरातल्या बालगुन्हेगारीच्या नोंदी नकाशावर मांडल्या. शहराच्या मध्याला लागून असलेल्या, कारखान्यांनी वेढलेल्या, मोडकळीला आलेल्या भागांत प्रमाण सतत जास्त होतं. त्या भागांत आधी जर्मन आणि आयरिश राहत होते. ते बाहेर पडले, पोलिश आणि इटालियन आले, पुढे दक्षिणेतून कृष्णवर्णीय आले. माणसं बदलली, भाषा बदलल्या, आणि वस्तीचं प्रमाण जवळपास तसंच राहिलं. वस्ती सोडून गेलेल्यांची मुलं मात्र चांगल्या भागात गेल्यावर तिथल्या मुलांसारखी झाली. गुन्हा रक्तात असता तर तो माणसांबरोबर नव्या घरी गेला असता. हे काम १९४२ मध्ये ग्रंथरूपाने आलं, तेव्हा सोलापूरचं कुंपण जागेवर होतं.

रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये दुसऱ्या बाजूने हात घातला. समाज सगळ्यांना एकच ध्येय दाखवतो, पैसा आणि प्रतिष्ठा, पण तिथवर जाण्याचे सरळ रस्ते मोजक्यांनाच खुले ठेवतो. ज्यांचे रस्ते बंद असतात त्यांच्यातले काही आडवाट शोधतात. मर्टनच्या डोळ्यांसमोर अमेरिका होती. आपल्याकडे याहून कठोर गोष्ट घडली: रस्ते मुळात होते, ते नंतर बंद केले गेले. रामोश्यांकडे गावांची आणि किल्ल्यांची रखवाली होती. पुढे पुरंदरच्या परिसरातले त्यांचे हक्क गेले, उमाजी नाईकांनी बंड केलं आणि १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. ज्यांच्या भरवशावर गाव रात्री झोपत होतं, त्यांचीच गणना पुढे संशयितांत झाली. बंजारे बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य देशभर नेत. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत तांड्यांचा व्यापार संपला. फासेपारध्यांना रान होतं. वनकायद्यांनी ते आक्रसलं, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकार हाच गुन्हा झाला. वन्यजीव वाचायला हवेत यात मला शंका नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या तितर आणि ससे पकडून जगणाऱ्या माणसाच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न त्या कायद्याने स्वतःला विचारला नाही.

मर्टनकडून सुटलेली एक बाजू एडविन सदरलँडने पकडली. गुन्हा ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि ती जवळच्या माणसांच्या संगतीत शिकली जाते: पद्धत शिकली जाते आणि तिचं समर्थनही शिकलं जातं. या कसोटीवर सेटलमेंट तपासून पाहावी. चोरी करणारा, न करणारा, कधीच न केलेला, अशा सगळ्यांना जातीच्या नावाखाली एका तारेत कोंडायचं. बाहेरच्या गावाशी रोटीचा, मैत्रीचा, धंद्याचा संबंध तुटेल अशी व्यवस्था करायची. मुलाला आईपासून तोडायचं. ट्रॅव्हिस हिर्शीने १९६९ मध्ये प्रश्न फिरवून विचारला, की बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? त्याचं उत्तर असं, की त्यांना बांधून ठेवणारे धागे असतात: आईबाप, शाळा, कामधंदा, समाजाच्या नियमांवरचा विश्वास. हे सगळे धागे एकेक करून तोडायचे असतील तर काय करावं, याची योजना कुणी मुद्दाम आखली असती, तरी १९२४ च्या कायद्यापेक्षा फार वेगळी झाली नसती.

सदरलँडचं दुसरं काम मला याहून महत्त्वाचं वाटतं. १९३९ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात त्याने पांढरपेशा गुन्हेगारीचा विषय मांडला आणि दहा वर्षांनी त्यावर ग्रंथ लिहिला. अमेरिकेतल्या सत्तर मोठ्या कंपन्यांविरुद्ध गेलेले निकाल त्याने गोळा केले. त्यांत फसव्या जाहिराती होत्या, कामगार कायद्यांचे भंग होते, पेटंटची चोरी होती. एकूण ९८० निकाल भरले. प्रत्येक कंपनी कधी ना कधी दोषी ठरली होती, आणि बहुतेक अनेकदा. पोलिसांच्या भाषेत त्या सराईत होत्या. प्रकाशकाने कंपन्यांची नावं काढायला लावली. नावांसह ग्रंथ छापला गेला तो १९८३ मध्ये, सदरलँडच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी. गरिबी हे गुन्ह्याचं कारण आहे असं म्हणणाऱ्यांना त्याचा सवाल होता, की या संचालकांची गरिबी कुठली? १९९२ चा रोखे घोटाळा मुंबईत झाला. हजारो कोटींचा हिशेब होता, बँकांचे अधिकारी त्यात सापडले. त्यानंतर कुठल्या जातीच्या माणसांना दलाल स्ट्रीटवर रोज हजेरी द्यायला लावावी, असं कुणी सुचवलं नाही. सुचवायलाही नको होतं. गुन्हा व्यक्तीने केला, तपास व्यक्तीचा झाला, खटला व्यक्तीवर चालला. न्याय असाच चालायला हवा. माझं म्हणणं एवढंच, की पालात राहणाऱ्या माणसालाही तो असाच मिळावा.

वागणूक सारखी आणि वागवणूक निराळी, हे विल्यम चॅम्ब्लिसने फार जवळून दाखवलं. १९७३ च्या त्याच्या लेखात एका शाळेतले मुलांचे दोन गट आहेत. पहिल्या गटात खात्यापित्या घरची आठ मुलं. ती शाळा चुकवत, दारू पिऊन गाडी भरधाव हाकत, रस्त्याच्या कामावरचे कंदील उचलून नेत. पण त्यांच्याकडे गाडी असल्यामुळे हा धिंगाणा गावाबाहेर व्हायचा, आणि पोलिसांनी अडवलं तर ती मान खाली घालून माफी मागत. पोलीस सोडून देत, शिक्षक गुण वाढवत. दुसऱ्या गटात गरीब घरची सहा मुलं. गाडी नाही म्हणून ती नाक्यावर उभी, सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढे. बोलणं उर्मट. पोलीस त्यांना सतत पकडत. चॅम्ब्लिसने जवळपास दोन वर्षं दोन्ही गट पाहिले. पहिल्या गटाच्या हातून होणारे उद्योग कमी नव्हते. त्या काळात त्यातल्या एकालाही अटक झाली नाही, आणि पुढे बहुतेक जण शिकून मार्गाला लागले. दुसऱ्या गटातली काही मुलं फुटबॉलच्या शिष्यवृत्तीने वाचली, दोघं मात्र खुनासाठी तुरुंगात गेली. आपल्याकडच्या नाक्यावरही हे दोन गट उभे असतात. एकाला पोलीस गाडी बाजूला घ्यायला सांगून वडिलांचा नंबर विचारतात, दुसऱ्याला थेट ठाण्यात नेतात.

याचा सिद्धान्त हॉवर्ड बेकरने १९६३ मध्येच मांडला होता: विचलन हा कृत्याचा गुणधर्म नाही, समाज ज्याला यशस्वीपणे तो शिक्का लावतो तो विचलित. त्याआधी १९५१ मध्ये एडविन लेमर्टने दोन टप्पे सांगितले होते. माणूस कधीतरी चुकतो, हा पहिला. त्या चुकीवरून लोक त्याला कायमचं ओळखू लागतात आणि तोही त्याच ओळखीने जगू लागतो, हा दुसरा. गुन्हेगार जमाती कायद्याने पहिला टप्पा गाळून जन्मालाच दुसरा टप्पा जोडला. लेमर्टच्याही कल्पनेत हे नव्हतं.

पण शिक्क्याच्या सिद्धान्तावर मी पुरता विसंबणार नाही. १९६८ मध्ये अल्विन गोल्डनरने घेतलेला आक्षेप खरा आहे. त्याच्या मते या मांडणीत गुन्हेगार हा केवळ ज्याच्यावर काहीतरी केलं जातं असा निपचित प्राणी उरतो. तो स्वतः काही करतो, ठरवतो, लढतो, हे दिसतच नाही. शिवाय चोरी होते तेव्हा ती खरोखर होते. ज्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं जातं, ज्या शेतकऱ्याच्या गोठ्यातली शेळी जाते, त्यांना शिक्क्याचा सिद्धान्त सांगणं हा त्यांच्या नुकसानीचा अपमान आहे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचा मोठेपणा याच ठिकाणी आहे. आमच्यात चोरी होत नाही असं ते म्हणत नाही. लहान पोरांना मार देऊन खिसे कापायला कसं तयार करतात, पकडलं गेल्यावर साथीदाराचं नाव सांगू नये म्हणून आधीच मार खायची सवय कशी लावतात, हे ते लपवत नाही. आणि त्याच तपशिलाने ते पोलिसांचा हप्ता दाखवतं, काम मागायला गेलेल्याला जात ऐकून परत पाठवणारं गाव दाखवतं. सदरलँड, मर्टन आणि लेमर्ट यांना जे तीन वेगवेगळ्या पुस्तकांत म्हणावं लागलं, ते एका घरात एकाच वेळी चाललेलं तिथे दिसतं. कोणता सिद्धान्त बरोबर, हा प्रश्न त्यापुढे अपुरा वाटतो. ते सगळे एकमेकांत अडकलेले आहेत, आणि ती गाठ शिक्क्यापाशी बसलेली आहे. संगत, गरिबी, तुटलेले धागे हे सगळं अनेकांच्या वाट्याला येतं. शिक्का बसलेल्याला मात्र त्यातून बाहेर पडायला दार उरत नाही.

हा शिक्का प्राणघातक ठरू शकतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरलेली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि ठेचून मारलं. स्टॅन्ली कोहेनने १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या तरुणांच्या मारामाऱ्यांवरून दाखवलं होतं, की समाज अस्वस्थ असतो तेव्हा तो आपल्या भीतीला एक चेहरा शोधतो, आणि बातम्या तो चेहरा मोठा करत नेतात. राईनपाड्यात चेहरा शोधावा लागला नाही. झोळी, अनोळखी बोली. फिरत्या माणसाकडे संशयाने बघायचं हे कायद्याने कित्येक दशकं शिकवलं होतं, मोबाईलने त्या शिकवणीला फक्त वेग दिला.

कायदा तर १९५२ साली गेला होता ना, असं विचारलं जातं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला हे खरं. म्हणूनच यादीतून सुटलेल्या या जमातींचा तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगार कायदा केला. इथे नाव जमातीचं नाही, व्यक्तीचं आहे, आणि तत्त्व म्हणून हा मोठा फरक आहे. ठाण्यातली वही मात्र बदलली नाही. जुन्या यादीतल्या वस्त्या तिथल्या तिथे होत्या. त्याच १९५९ सालच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, कसरत करून, भविष्य सांगून पैसे घेणं हेही भीक मागण्याच्या व्याख्येत घातलं. डोंबारी, गोपाळ, जोशी, बहुरूपी यांची कला एका वाक्यात गुन्ह्याच्या कक्षेत आली.

आणखी एक अन्याय कागदपत्रांचा आहे. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या जात-दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या बापजाद्यांच्या अंगठ्यांचे ठसे सरकारने घेतले, रोज रात्री कुठे झोपले याची नोंद ठेवली, त्यांच्याच नातवाला तलाठी विचारतो, तुम्ही इथे राहत होता याला आधार काय? शेत नाही म्हणून सातबारा नाही, शाळा नाही म्हणून दाखला नाही. संशय घेताना जी नोंद हाताशी होती, ती हक्क देताना सापडत नाही. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, आणि तो मुलगा परत त्याच पालावर येतो, जिथे परिसरात घरफोडी झाली की पहिली गाडी येऊन थांबते.

पोलिसांची एक बाजू मला ऐकून घ्यावीशी वाटते. माणसं कमी, हद्द मोठी, वरून दबाव. पूर्वीच्या नोंदीवरून संशयित शोधणं ही तपासाची जगभरची रीत आहे. व्यक्तीच्या पूर्वीच्या सिद्ध गुन्ह्यावरून तसा शोध घेतला तर माझी हरकत नाही. वस्तीवरून घेतला तर तो तपासच बिघडवतो. चॅम्ब्लिसच्या गावात हेच झालं होतं: नजर नाक्यावर खिळलेली, आणि धिंगाणा गावाबाहेर. ज्या वस्तीवर सतत छापे पडतात तिथे काही ना काही सापडतंच, मग आकडे वाढतात, आणि वाढलेले आकडे पुढच्या छाप्याचं कारण बनतात. खरा घरफोड्या तोवर दुसऱ्या तालुक्यात पोचलेला असतो.

दुसऱ्या सिद्धान्तावर चालून बघण्याचं धाडसही याच मातीत झालेलं आहे. आटपाडीजवळ औंध संस्थानाच्या हद्दीत १९३९ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पोलिश सहकारी मॉरिस फ्रीडमन यांनी कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. तिचं नाव स्वतंत्रपूर. भिंत नाही, बेडी नाही. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह तिथे राहायचं. इथे आलेले लोक शिक्षा झालेले गुन्हेगार होते, त्यांच्या हातून खरोखर गुन्हे घडले होते. त्याच काळात जवळच्या सोलापुरात काहीही न केलेल्या माणसांच्या मुलांना तारेआड ठेवलं जात होतं, आणि आटपाडीला गुन्हा केलेल्या माणसाला कुटुंब, जमीन आणि विश्वास परत दिला जात होता. व्ही. शांतारामांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ला याच प्रयोगाची प्रेरणा होती. चित्रपट आपण डोक्यावर घेतला. हिर्शीने धाग्यांची गोष्ट लिहिण्याच्या तीस वर्षं आधी औंधच्या राजाने ती अमलात आणली होती, आणि ती वसाहत नंतरही टिकली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत विमुक्त जमातींचा सराईत गुन्हेगार म्हणून येणारा उल्लेख न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घेण्याचे आदेश पोलिसांना दिले. सराईत गुन्हेगार कायद्यांची आता गरज आहे का, याचा विचार राज्यांवर सोडला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्येच हे कायदे रद्द करण्याची शिफारस केली होती, आणि भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ पासून सरकारदप्तरी आहे. महाराष्ट्राने १९५९ चा सराईत गुन्हेगार कायदा रद्द करावा. भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येतून गाणं, नाच आणि कसरत काढावी. १९६१ च्या पुराव्याची अट भटक्या-विमुक्तांपुरती शिथिल करून गृहचौकशीवर दाखले द्यावेत. आणि तुरुंगाच्या वहीतून जो रकाना काढायला न्यायालयाने सांगितलं, तो प्रत्येक पोलीस ठाण्याच्या वहीतूनही काढावा. त्यासाठी गृहखात्याचं एक परिपत्रक पुरेसं आहे.